तिसरा रकाना

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी संहिता वाचली. गोष्ट सक्तीने सैन्यात ओढलेल्या साध्या माणसांची, आणि पहिल्याच पानावर सातही जण गणवेशात कवायत करतायत. गाडी इथेच घसरली. गणवेशात सगळे सारखेच दिसतात. कोण कोणता हे कळेपर्यंत तुझा निम्मा लघुपट संपेल.

ब्रिटिश दिग्दर्शक कॅरल रीडचा १९४४ चा चित्रपट ‘द वे अहेड’ वही घेऊन बघ. त्याचं मूळ रीडनेच ब्रिटिश सैन्यासाठी केलेल्या ‘द न्यू लॉट’ या छोट्या प्रशिक्षणपटात आहे. पहिल्या फेरीत फक्त माणसं टिप. डेव्हनपोर्ट मोठ्या दुकानातला वरिष्ठ, पार्सन्स तिथेच त्याच्या हाताखाली. ब्रूअर पार्लमेंटच्या बॉयलरवरचा, लॉइड भाडेवसुली करणारा, ल्यूक शेतावर राबणारा स्कॉटिश गडी. साहेब आणि त्याचा नोकर आता एकाच सार्जंटच्या ओरड्याखाली! संघर्ष आयता मिळतो, वेगळा रचावा लागत नाही.

आता तुझ्या प्रत्येक पात्रासमोर तीन रकाने आख. परवापर्यंतचं काम, त्या कामाने हाताला लागलेली सवय, आणि भरती झाल्यापासून घरी बुडत चाललेली एक गोष्ट: पगार, पेरणी, दुकानाचं भाडं, काहीही. तिसरा रकाना भरता आला नाही तर ते पात्र काढून टाक. अर्ध्या तासाच्या लघुपटाला चार माणसं पुरेत.

दुसऱ्या फेरीत सार्जंट फ्लेचर बघ. ती भूमिका करणाऱ्या विल्यम हार्टनेलने तो खलनायक होऊ दिलेला नाही. तो मुद्दाम छळतो असं फक्त रंगरुटांना वाटतं. तुझा हवालदार मात्र पानोपानी शिव्या घालतो, त्यामुळे तिसऱ्या शिवीनंतर धाक उरत नाही. सराव-लढाईचा प्रसंग तर दोनदा बघ. लवकर सुटका व्हावी म्हणून ही मंडळी मुद्दाम ‘मरतात’. डेव्हिड निवेनचा लेफ्टनंट पेरी त्यांना रेजिमेंटचा इतिहास ऐकवतो आणि सगळ्यांची मान खाली जाते. चित्रपट वळतो तो इथे. खरी लढाई बरीच नंतर, ट्युनिशियात. त्याआधी जहाज बुडतं आणि पुन्हा वाट बघणं येतं. तू मात्र अर्ध्या पानांवर गोळीबार केला आहेस.

हातातल्या कामाचं एक दृश्य हवंच. त्या काळच्या ली-एनफिल्ड रायफलीत १० काडतुसं बसतात, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी. या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारणारा दांडा, पुढे ढकलताना अडकतो. नोटा मोजायला सरावलेली कारकुनाची बोटं इथे चुकताना दाखव. संवाद लागणारच नाही. काडतुसं अर्थात नकली, आणि रायफल हाताळायला जाणकार माणूस शेजारी उभा हवा.

शूटिंगचा क्रम कथेप्रमाणेच ठेव, निदान कवायतीचा तरी. मैदान मिळालं म्हणून सगळी कवायत एका दिवसात उरकलीस की नट संध्याकाळपर्यंत चांगली पावलं टाकायला लागतात, आणि मग पहिल्या दिवसाचा गोंधळ खोटा वाटतो. बूट मात्र आधी आठवडाभर घालायला दे. फोड आलेले पाय लंगडतात, आणि ते लंगडणं नेमकं शेवटच्या दृश्यात दिसतं.

कथा साताऱ्याकडे आणायचा विचार लिहिला आहेस, तो सोड. ब्रिटनमध्ये ३ सप्टेंबर १९३९ च्या कायद्याने १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवर सक्ती आली. दुसऱ्या महायुद्धातलं भारतीय सैन्य ऐच्छिक भरतीचं. इथल्या पोराला पोटाने, घराण्याच्या परंपरेने किंवा गावच्या चढाओढीने नेलं, सरकारी नोटिशीने नव्हे. ती गोष्टही जबरदस्त आहे, पण निराळी. तिच्यात ‘मला का बोलावलं’ ही कुरकुर बसत नाही.

पुढचा खर्डा नको पाठवूस. आधी चौघांचे तिसरे रकाने पाठव.