इंटरल्युकिन-१५ मुळे कर्करोगाची गाठ आणि स्नायूंचा थकवा, दोन्ही आटोक्यात येतील का?

गाठीबाबत उत्तर अंशतः होकारार्थी आहे. स्नायूंबाबतचा मुख्य आधार मात्र अजून प्राण्यांवरील प्रयोगांचाच आहे. इंटरल्युकिन-१५ हे प्रथिन नैसर्गिक मारक पेशी आणि सीडी८ टी-पेशी या कर्करोगाच्या पेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींची वाढ घडवते. त्याच्यासारखेच कार्य करणारे एक औषध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये, बीसीजी (क्षयरोगाची लस, जी मूत्राशयात सोडून देतात) उपचाराला दाद न देणाऱ्या आणि मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत न पोहोचलेल्या विशिष्ट कर्करोगासाठी, बीसीजीच्याच जोडीने मंजूर केले. यकृताच्या कर्करोगाच्या पेशी टोचलेल्या उंदरांना इंटरल्युकिन-१५ दिल्यावर स्नायूंची झीज घटली, कारण स्नायूंतील प्रथिने मोडणारी युबिक्विटिन यंत्रणा मंदावली. हा धागा मला खरोखर आशादायक वाटतो. तथापि सर्व सायटोकाइन, म्हणजे पेशींमध्ये संदेश नेणारी अशी प्रथिने, एकाच बाजूची नसतात: इंटरल्युकिन-६ चे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास तेच स्नायू झिजवण्यास हातभार लावते, आणि इंटरल्युकिन-२ च्या मोठ्या मात्रेने रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो.

म्हणून केवळ थकव्यासाठी अशा औषधाचा आग्रह धरू नये. रक्तक्षय, थायरॉइड, झोप आणि वेदना यांची तपासणी आधी करून घ्यावी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झेपेल तेवढा नियमित व्यायाम सुरू करावा; थकवा कमी करण्यासाठी त्याचा पुरावा आज अधिक भक्कम आहे.