घरी केलेला टेम्पुरा भज्यांसारखाच का होतो?

टेम्पुरा म्हणजे भाज्या किंवा कोळंबी पातळ पिठात बुडवून तळायचा जपानी पदार्थ. तुम्ही म्हणता की फरसबीच्या टेम्पुराला मैदा, अंडं, थंड पाणी सगळं मापात घेतलं, तरी कव्हर जाड होतं आणि पाच मिनिटांत मऊ पडतं. रेसिपी बरोबर असणार. हात मात्र भज्यांचा आहे! आम्ही तोक्योत निशिकासाईला राहायला होतो, तेव्हा शेजारच्या आजींनी मला पीठ कालवताना पाहिलं आणि वाटीच काढून घेतली.

भज्यांचं पीठ आपण शेवटची गुठळी मोडेपर्यंत फेटतो. ते चालतं, कारण बेसनात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवटपणा आणणारं प्रथिन, नसतं. कितीही फेटा, चिवट होत नाही, उलट हवा शिरून हलकं होतं. मैद्याला तसंच फेटलं की ग्लूटेनचं जाळं तयार होतं, ते पाणी धरून ठेवतं, आणि तळल्यावर कव्हर पुरीसारखं चामट होतं. गार पाणी घ्यायचं तेही ग्लूटेन हळू बनावं म्हणूनच. जपानी लोक यासाठी कमी प्रथिनांचा मैदा वापरतात. आपल्याकडचा मैदा त्यामानाने चिवट, म्हणून मी १०० ग्रॅम मैद्यात २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर चाळून घेते.

एक अंडं फोडून त्यात बर्फाचं पाणी घालायचं, दोन्ही मिळून २०० मिली. हे नीट ढवळा, इथे कंजुषी नको. मग पीठ एकदम टाका आणि चॉपस्टिक्सनी आठ-दहा वेळा नुसतं टोचल्यासारखं करा. गुठळ्या दिसतील, कडेला कोरडं पीठही राहील. राहू दे. मला सगळ्यात अवघड हेच गेलं, हात आपोआप फेटायला जातो. खायचा सोडा नको, मोहन तर नकोच. अंडं चालत नसेल तर २०० मिली थंडगार सोडावॉटर घ्या. आणि तेल तापल्यावरच पीठ कालवा, आधी कालवून ठेवू नका.

भाज्या पुसून पूर्ण कोरड्या करा, वर कोरडा मैदा भुरभुरा, मग बुडवा. लाल भोपळा किंवा रताळं अर्धा सेंटिमीटर जाडीचं कापा. भेंडी अख्खी तळणार असाल तर आधी सुईने टोचा, नाहीतर फुटते. कोळंबीच्या पोटाकडून आडव्या चिरा दिल्या की ती वळत नाही. शेपटीचं टोक कापून आतलं पाणी निपटा, तेल उडायचं थांबतं. जपानी शिसोच्या जागी मी ओव्याचं पान घेते, आणि शिसोसारखंच एकाच बाजूने पिठात बुडवते, म्हणजे दुसरी बाजू हिरवीगार राहते.

तेल भाज्यांना १७० अंशांच्या आसपास, कोळंबीला १८०. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. अर्ध्यापर्यंत बुडून वर आला की तेल तयार. कढईचा निम्मा भाग तरी मोकळा ठेवा, कारण गार पिठाने तेल लगेच उतरतं. मोठे बुडबुडे बारीक झाले, आवाज हलका झाला की काढा. रंग फिकटच असतो, भज्यांसारखा सोनेरी होण्याची वाट पाहू नका. जाळीवर सुटे ठेवा. चवड रचली किंवा हॉटकेसमध्ये झाकले की केलेलं सगळं पाण्यात.

सोबत मीठ पुरतं. तेन्त्सुयू, म्हणजे टेम्पुरा बुडवून खायचा पातळ सॉस, हवा असेल तर चार भाग दाशी (जपानी स्टॉक), एक भाग मिरिन (स्वयंपाकातली गोडसर राइस वाइन), एक भाग सोया सॉस, वर किसलेला मुळा. शाकाहारी असाल तर सांभाळा. नेहमीची दाशी सुकवलेल्या बोनिटो माशाची असते. कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी छान होते.

तुमची फरसबी भज्यांसारखी झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पोर्तुगालात फरसबी पिठात बुडवून तळतात, त्या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘बागेतले छोटे मासे’. १५१० मध्ये गोवा घेणारे पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, आणि टेम्पुरा त्यांच्याच तळणीतून आला असं सर्रास मानतात.

तेलात तरंगणारा चुरा झाऱ्याने काढत राहा, नाहीतर जळून तेल कडवट होतं. तो फेकू मात्र नका. जपानमध्ये त्याला तेन्कासू म्हणतात आणि उदोन या जाड नूडल्सवर घालतात. आमच्याकडे तो आमटीवर पडतो, आणि मुलं आधी तोच संपवतात.