अननसाचा रायता कडू का होतो? आणि अननस रोज खाल्ल्याने चरबी खरंच उतरते का?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. घरी केलेला अननसाचा रायता जेवायला बसेपर्यंत कडू का पडतो, हा एक. आणि वजन उतरतं म्हणून रोज सकाळी अननस खावा का, हा दुसरा. मी घरगुती केटरिंग करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाशी माझी रोजची गाठ. दुसऱ्याचं उत्तरही बरंचसं त्यातच सापडतं.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि प्रथिनं तोडणं हे त्याचं काम. दह्यातल्या प्रथिनांचे ते बारीक तुकडे करतं आणि हे तुकडे चवीला कडू लागतात. म्हणजे तुमच्या दह्यात काही खोट नाही, फळातही नाही. इलाज सोपा आहे. फोडी बारीक चिरा, दोन चमचे साखर घालून मंद आचेवर त्यांच्याच रसात पाच-सात मिनिटं चांगल्या उकळू द्या, पूर्ण गार करा आणि मगच दह्यात मिसळा. उकळीने ब्रोमेलेन निकामी होतं. हॉटेलातला रायता कडू होत नाही याचं कारण हेच, तिथे बहुतेक डब्यातला अननस असतो आणि डबाबंद करताना तो तापवलेला असतो. फ्रीझरमध्ये ठेवून मात्र उपयोग नाही. थंडीने विकर नुसतं झोपतं, बाहेर काढलं की पुन्हा कामाला लागतं.

शिऱ्याचंही तसंच. दूध घालून शिरा करायचा असेल तर अननस आधी साखरेत शिजवून घ्या आणि रवा दुधात फुलल्यावर शेवटी घाला. कच्च्या फोडी गरम दुधात पडल्या की आंबटपणाने दूध फाटतं. मी तर दुधाच्या भानगडीत पडतच नाही. एक वाटी रव्याला पाऊण वाटी साजूक तूप, अडीच वाट्या आधणाचं पाणी, एक वाटी शिजवलेला अननस आणि वाटीला थोडी कमी साखर. रवा तुपात गुलाबी होईपर्यंत भाजायचा कंटाळा केलात तर वरून कितीही केशर घाला, शिरा चिकटच होणार. पिवळा रंग आणि इसेन्स घालून केलेल्या लग्नातल्या शिऱ्याबद्दल मी काही बोलत नाही, धंद्यातली माणसं दुखावतील.

जेलीही ब्रोमेलेनमुळेच फसते. जिलेटिन हे प्रथिन, त्यामुळे ताज्या अननसात ते सेट होत नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, त्यात प्रथिनाचा प्रश्न नाही, म्हणून ते होतं. उलट मटण निबर असेल तर हाच गुण कामाला येतो. थोडा ताजा रस चोळून अर्धा तास ठेवा. रात्रभर ठेवलंत तर पिठूळ लगदा हाती येईल.

आता चरबी. ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं, चरबी नाही, आणि खाल्लेला अननस पोटावरच्या वळ्यांपर्यंत जाऊन काही वितळवत नाही. ब्रोमेलेनच्या गोळ्या मिळतात त्या मुख्यतः झाडाच्या खोडापासून बनवतात, तेव्हा त्यांचे गुण फळाला चिकटवू नयेत. तरी फळ म्हणून अननस चांगलाच आहे. 100 ग्रॅम फोडींत साधारण 50 कॅलरी आणि 45 ते 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, शिवाय मँगनीज भरपूर. बाईमाणसाला दिवसाला 65 मिलिग्रॅम आणि पुरुषाला 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं असं आपल्याकडचं प्रमाण आहे, म्हणजे एका मोठ्या वाटीत दिवसाचं बरंचसं काम होतं. पण फोडी खा, गाळलेला रस नको. रसात चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. शिजवल्यावर क जीवनसत्त्वही घटतं, त्यामुळे शिरा औषध म्हणून खाऊ नका, शिरा म्हणून खा.

रोज एक वाटी बहुतेकांना चालते. पित्ताचा, छातीत जळजळीचा त्रास असेल तर उपाशीपोटी नको. मधुमेह असेल तर जेवणावर गोड म्हणून नको, मोजून खा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ब्रोमेलेनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गरोदरपणात अननस वर्ज्य म्हणतात, पण पिकलेल्या फळाच्या चार फोडींनी गर्भपात होतो याला पुरावा नाही. कच्चं फळ मात्र कुणीच खाऊ नये, उलट्या-जुलाब होतात. जीभ चुरचुरते त्यात ब्रोमेलेनबरोबर सुईसारख्या बारीक स्फटिकांचाही हात असतो. फोडींना मीठ चोळून दहा मिनिटं ठेवल्या की त्रास बराच कमी होतो. गाडीवाला मीठ-तिखट लावून देतो ते नुसतं चवीसाठी नाही.

विकत घेताना हिरवंगार फळ "घरी पिकेल" म्हणून उचलू नका. अननस तोडल्यावर रंग बदलतो, पण गोडी वाढत नाही, कारण आंबा-केळ्यासारखा साखर होण्याजोगा पिठाचा साठा त्यात नसतो. बुडाशी वास घ्या, गोड वास आला आणि हाताला जड लागला तर घ्या. बूड शेंड्यापेक्षा गोड असतं, म्हणून फळ उभं चिरा, सगळ्यांना सारखं मिळतं.

आणि आंबट निघालाच तर गोव्याकडचं सासव करा. वाटीभर ओलं खोबरं, दोन-तीन भाजलेल्या सुक्या मिरच्या आणि गूळ बारीक वाटा. पाव चमचा मोहरी अगदी शेवटी घालून एकदाच फिरवा, जास्त वाटली तर ती झोंबते. हे वाटण मीठ लावलेल्या फोडींवर घालून कालवा, वर हिंग-कढीपत्त्याची फोडणी. आम्ही हे शिजवत नाही, म्हणून त्याच जेवणात संपेल एवढंच करा.