मले कोनी काढलंच नाई

"नोकरी असती तं सुटली म्हनलं असतं. मले कोनी काढलंच नाई जी, मंग मी बेरोजगार कसा?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे मिस्त्री मला हे विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) स्वतःचा धंदा बंद पडलेला माणूस समुपदेशनाला आला की हा प्रश्न येतोच. मालक नाही, तर दाखला कोण देणार? आणि सरकारकडे मागायचं कोणत्या तोंडानं?

2023 चा पावसाळा होता. मिस्त्रींना त्यांच्या बायकोनं आणलं होतं. झोप नाही, घरात कोणाशी बोलणं नाही. "हात मऊ आले जी त्याहीचे," ती म्हणाली. सिमेंटनं फाटलेले तळवे चार महिन्यांत भरून आले होते, आणि मिस्त्री ते मांडीखाली दाबून बसले होते.

आमच्याकडे कापूस विकला की बांधकामं निघतात. 2022 मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. तोच पुन्हा येईल म्हणून पुढच्या हंगामात लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला, आणि भाव उतरत गेला. त्यात रेती मिळेना. अर्धवट भिंती तशाच राहिल्या. यात मिस्त्रींचं काय चुकलं होतं? तरी ते स्वतःलाच कोसत होते. जीव द्यावासा वाटतो का, हे मी सरळ विचारलं. "विचार येते. पन पोरी हायेत." त्या दिवशी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यांना जाऊ दिलं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर बायकोच्या मोबाइलमध्ये टाकून दिला.

पुढच्या भेटीत मी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा विषय काढला. "हात पसरनं मले जमत नाई," ते म्हणाले. मग मी त्यांना सांगितलं, की मोठी इमारत बांधणाऱ्याला खर्चाच्या 1 टक्का उपकर भरावा लागतो, आणि मंडळाकडे येणारा पैसा तो असतो. यवतमाळात ते दोन वर्षं मोठ्या साइटवर राबले होते. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मंजे आमच्याच भिंतीतला."

खोटी आशा मी दाखवली नाही. काम नाही म्हणून हे मंडळ दरमहा भत्ता देत नाही. पण नोंदणी चालू असली तर आठवी ते दहावीच्या लेकराला वर्षाला 5,000 रुपये शिष्यवृत्ती आहे, अपघात झाला तर मदत आहे. त्यांची थोरली नववीत होती.

नोंदणीची अट अशी, की वय 18 ते 60 हवं आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामाचं काम केलेलं हवं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. माणूस लाजेपोटी घरात बसतो आणि तिकडे एकेक महिना त्या बारा महिन्यांतून निसटत जातो. वर्षभर थांबला तर दाखवायला दिवसच उरत नाहीत. मिस्त्रींचे अजून होते.

एकच मालक नसेल तर गावात या 90 दिवसांचा दाखला तेव्हा ग्रामसेवक देत. त्यांनी आधी नकार दिला. डोळ्यांनी पाहिलं नाही, तर सही कशी करू? त्यांची भीतीही खोटी नव्हती. तेव्हा मिस्त्रींनी खिशातली डायरी काढली. सिमेंटच्या बोटांनी पानं कडक झालेली, प्रत्येक पानावर घरधन्याचं नाव, तारीख, उचल. आम्ही दोघांनी बसून ते दिवस कोऱ्या कागदावर उतरवले. 117 भरले. तीन घरधन्यांनी त्याखाली सह्या केल्या, आणि त्यावर दाखला मिळाला.

मधल्या काळात बायकोनं रोजगार हमीचं काम लेखी मागितलं. तारखेची पावती घेतल्याशिवाय हलू नका, हे मी तिला दोनदा बजावलं होतं. 15 दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता मागायला ती पावतीच लागते.

झोप हळूहळू परतली, गोळ्या काही महिने चालल्या. नोंदणी झाल्यावर मिस्त्री एकटेच आले. डायरी सोबत होती.

"मॅडम, घमेलं वाहाले दोघी बाया होत्या माह्याकडं. त्याहीचेबी दिवस हायेत यात. त्याहीचं कसं करू?"