जुन्या रिव्हॉल्व्हरची मूठ: शिसव, एबोनाइट की बेकेलाइट?

प्रश्न : आजोबांचं वेब्ली अँड स्कॉट .३२ रिव्हॉल्व्हर वारसाने वडिलांच्या परवान्यावर आलं आहे. मुठीची उजवी काळी ग्रिप (बाजूची पट्टी) स्क्रूच्या भोकापासून खालपर्यंत तडकली आहे, डावी शाबूत आहे. एका दुकानात शिसवीची तयार जोडी दाखवली. ती बसवावी का? त्या काळची जोडी कशी मिळवावी? – एक वाचक, निपाणी

उत्तर : शिसवीची जोडी घेऊ नका. डावी ग्रिप शाबूत आहे, म्हणजे नमुना घरातच आहे. आधी ती कशाची आहे ते ठरवा.

ग्रिपची आतली बाजू अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात घासा आणि लगेच वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते व्हल्कनाइट, म्हणजे जुन्या फाउंटन पेनांचं एबोनाइट. कोमट पाण्याचा थेंब टाकून घासल्यावर कार्बोलिक साबणासारखा वास आला तर बेकेलाइट, म्हणजे जुनं कडक प्लास्टिक. कसलाच वास नाही आणि पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे दिसतात, तर ती अलीकडे साच्यात ओतलेली नक्कल समजा. उन्हात राहिलेलं एबोनाइट तपकिरी-हिरवट पडतं. तो रंग वयाचा आहे, पॉलिश करून घालवू नका. गरम पाण्यात तर बुडवूच नका, रंग उडतो आणि आकारही बिघडतो.

आता उजवी ग्रिप का तडकली, ते पाहू. एबोनाइट वर्षानुवर्षांत किंचित आकसतं. मग ग्रिप आणि फ्रेम (शस्त्राचा धातूचा सांगाडा) यांच्यात फट राहते, आणि फट मिटवायला कोणीतरी स्क्रू आवळतो. सगळा ताण भोकाशी येतो आणि चीर तिथूनच सुटते. नवी ग्रिप बसवतानाही हीच चूक होते.

मापं घरीच घ्या. वडिलांनी रिव्हॉल्व्हर उघडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करावी. स्क्रू-ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण रुंदीने बसलं पाहिजे. जुन्या ब्रिटिश स्क्रूची खाच अरुंद असते, बाजारातलं पाचरीसारखं पातं तिच्या कडा उडवतं. स्क्रू जपून ठेवा. त्याचा आटा मेट्रिक नाही, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दोन फेरे जाईल आणि मग आटा खाईल. शाबूत ग्रिप पुठ्ठ्यावर ठेवून टोकदार पेन्सिलने रेघ मारा. व्हर्नियरने जाडी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. भोकाच्या मध्यापासून वरची आणि खालची कड किती दूर आहे ते लिहा. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की चेकरिंगचा, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघांचा, ठसा उमटतो. त्यात एका इंचात किती रेघा बसतात ते मोजा. हे माप बहुतेक जण विसरतात, आणि जोडी परकी दिसते ती नेमकी त्यामुळेच.

हा कागद परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे द्या आणि मोडीत निघालेल्या वेब्लीची ग्रिप मिळते का ते विचारा. मॉडेलचं नाव सांगून फोटोवर खरेदी करू नका. एन्फील्ड आणि वेब्ली मार्क ४ ही दोन ब्रिटिश रिव्हॉल्व्हर बाहेरून भावंडांसारखी दिसतात, आतले भाग मात्र एकमेकांना लागत नाहीत. परदेशातून परस्पर पार्सलही मागवू नका. आर्म्स अॅक्ट १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे मागवायचं तर विक्रेत्यामार्फतच.

अस्सल ग्रिप नाही मिळाली तर दोन मार्ग उरतात. एक, तडकलेलीच जोडायची. चिरेतलं तेल साबणाच्या पाण्याने काढून दोन दिवस सुकवा. हळू सुकणाऱ्या इपॉक्सीत थोडी काजळी मिसळून भरा आणि २४ तास हलक्या दाबाखाली ठेवा. पाठीला पातळ सुती कापड चिकटवलं तर चीर पुन्हा उघडत नाही, पण जाडी वाढून ग्रिप फ्रेमवर उचलली जाणार नाही एवढं पाहा. झटपट चिकटणारा गोंद नको, त्याची पांढरी वाफ काळ्या ग्रिपवर कायमची बसते. दुसरा मार्ग, हाताने पेन बनवणारे कारागीर वापरतात त्या एबोनाइटमधून नवी कोरून घ्यायची. हे महाग आणि वेळखाऊ काम आहे, पण दिसायला चोख.

बसवताना फ्रेमवर काजळीचा हलका हात द्या आणि ग्रिप दाबून काढा. काळे ठिपके उमटतील तिथेच खरवडा. फ्रेमला कानस लावायची नाही, तिथे नंबर आणि प्रूफचे, म्हणजे चाचणी झाल्याचे, शिक्के असतात. ग्रिपखाली गंज असेल तर आश्चर्य नको, जुन्या एबोनाइटमधून गंधकाचं आम्ल सुटतं. जुना टूथब्रश आणि पातळ तेल पुरे, सँडपेपरने ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, जातं. पुढे तेल ग्रिपला लागू देऊ नका. स्क्रू बोटाने बसेपर्यंत फिरवा, मग पाव फेरा.

रिव्हॉल्व्हरच कारागिराकडे न्यायची वेळ आली तर तो परवानाधारक हवा, कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो. शिवाय आपल्या परवान्यावर कुठलं क्षेत्र लिहिलंय ते वाचा. कर्नाटकापुरता असेल तर दूधगंगेचा पूल ओलांडून कागल-कोल्हापूरला शस्त्र नेता येणार नाही. कोगनोळी टोलनाक्यापासून कोल्हापूर जवळ असलं तरी. कागद आणि पुठ्ठा मात्र खुशाल न्या.

प्रश्न : घरच्या .३८ एन्फील्डला लाकडी ग्रिप शोभते की बेकेलाइटची? – एक वाचक, बेळगाव कॅम्प

उत्तर : फ्रेमवरची खूण वाचा. १९३२ च्या सुमाराच्या नंबर २ मार्क १ ला चेकरिंग केलेलं अक्रोडाचं लाकूड, त्यात पलटणीची खूण कोरायला पितळी चकती. १९३८ च्या मार्क १ तारांकितला (नावापुढे * असलेल्या), म्हणजे हॅमरला अंगठ्याने ओढायचा वरचा काटा नसलेल्याला, अंगठ्यासाठी खोलगट जागा असलेली बेकेलाइटची. अनेक मार्क १ पुढे बदलून तारांकित केले गेले, त्यामुळे आजचं रूप जुळवायचं की मूळचं, हे आपणच ठरवा.

लाकडी करायची तर ताजं लाकूड नको. मोडक्या १२ बोअर बंदुकीचा अक्रोडाचा दस्ता शोधा, तो कित्येक वर्षं मुरलेला असतो. कोरल्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या, दोन हातांमध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा. आणि हे काम खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात नकोच, उन्हाळ्यात करा.

प्रश्न : सांबरशिंगाच्या ग्रिप करून घेता येतील का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो, शिंग रानात पडलेलं सापडलं तरीही. म्हशीच्या शिंगाला बंदी नाही, पण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते फाटतं. आणि कारखान्यातून निघालेल्या वेब्लीवर ते उपरंच दिसेल.