मुलांना न्याय शिकवताना बायबलमधलं नेमकं काय घ्यावं?

प्रश्न घर आणि सार्वजनिक जीवन, दोन्हींबद्दल आहे. न्याय म्हटलं की आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) लगेच नीतिसूत्रांतली मुलांना शिस्त लावणारी छडी निघते. मी आधी बायबलच्या निर्गम या पुस्तकाचा 22वा अध्याय उघडायला सांगेन. तिथे चोराकडून भरपाई घेतात: मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं, बैल असेल तर पाच बैल. लेवीय 6 मध्ये तर लुबाडलेली वस्तू आणि वर पाचवा हिस्सा दोषार्पणाच्या (अपराधाबद्दल देवाला वाहायच्या बलीच्या) दिवशीच मालकाला द्यायचा.

म्हणून धाकट्याने ताईची रंगपेटी मोडली तर 'सॉरी म्हण' एवढ्यावर सोडू नका. साठवलेल्या खाऊच्या पैशांतून थोडी तरी भरपाई करू दे. आणि धपाटा घालण्याआधी दोघांचंही ऐका. बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या 19व्या अध्यायानुसार एकाच साक्षीदारावरून दोष ठरत नाही.

सार्वजनिक जीवनासाठी लेवीय 19:15 पुरेसं आहे. न्याय करताना गरिबाची तरफदारी नको, थोरामोठ्यांचा मुलाहिजाही नको. (मंडळीच्या निवडणुकीतसुद्धा लागू, बरं का!)

एक सावधगिरी मात्र हवी. इस्राएलचा संदेष्टा आणि न्यायाधीश शमुवेल याने स्वतः कधी लाच घेतली नाही, पण बैर-शेबा गावात त्याने न्यायाधीश नेमलेले योएल आणि अबीया हे त्याचेच मुलगे लाच खाऊ लागले. ते पैशाच्या लोभाला लागले एवढंच ग्रंथ सांगतो; चांगल्या बापाचे मुलगे असे का झाले, हे दिलेलं नाही. मला वाटतं, पालकांचा चांगुलपणा मुलांत आपोआप उतरत नाही. लायसन्ससाठी एजंटला वरचे पैसे का दिले नाहीत आणि त्यापायी किती खेटे घालावे लागले, हे जेवताना मुलांना मोकळेपणाने सांगा.