तालुक्याला मुलांच्या आरोग्य तपासणीची किती पथकं लागतात? लोकसंख्येला भागून आकडा काढता येतो का?

नाही येत. वर्षानुवर्षं हाच भागाकार पुढं सरकवणाऱ्या साहेब लोकांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक म्हणजे दोन आयुष डॉक्टर (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेचे; एक पुरुष, एक महिला), एक नर्स, एक फार्मासिस्ट. हिशेब या पथकाच्या दिवसांचा करायचा. समजा तालुक्यात शाळेची ३०,००० आणि अंगणवाडीची १२,००० मुलं आहेत. शाळेत दिवसाला १०० मुलं नीट होतात. दोन डॉक्टर, चार तास, मुलामागं जेमतेम पाच मिनिटं. झाले ३०० दिवस. अंगणवाडी वर्षातून दोनदा, म्हणजे २४,००० तपासण्या. बारकी पोरं रडतात, मधला रस्ता वेळ खातो, दिवसाला ६० झाली तरी पुष्कळ. झाले ४००. म्हणजे माणसं शाळा नाही, अंगणवाडी खाते.

आता पथकाकडं दिवस किती? कायद्यानं पाचवीपर्यंतची शाळा २०० दिवस. त्यातून परीक्षा, पल्स पोलिओ, मीटिंगा, रिपोर्टिंग वजा करा, १५० उरतात. शाळेच्या सुट्टीत अंगणवाड्यांचे ५० मिळवा. ७०० भागिले २००, साडेतीन. चार पथकं द्या, नाहीतर तीन देऊन घाई सोसा.

घाईत पहिला बळी डोळ्यांचा. तक्ता ६ मीटरवर लागतो, तो व्हरांड्यात तिनावर टांगतात. रांगेतली पोरं अक्षरं पाठ करून येतात आणि सगळ्यांची नजर चांगली निघते. महिला डॉक्टरची जागा रिकामी असली की आठवी ते दहावीच्या मुलींच्या पाळीच्या तक्रारींचा रकाना 'निरंक'. कागदावर पथक मात्र पूर्ण!

फिरतीचं वेळापत्रक मुंबईचा कॅलेंडर बघून करू नका. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्यात जुलै-ऑगस्टला (धो धो पावसात) रस्त्याकडेची गावं घ्या, डोंगरातले धनगरवाडे दिवाळीनंतर. शिरोळला पुराच्या दिवसांत काही धरूच नका. नोव्हेंबर ते मार्च शिरोळ-हातकणंगल्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरची (झोपड्यांतली) पोरं असतात. ती इथल्या पटावर नसतात, त्यामुळं भागाकारातही नसतात. त्यांच्यासाठी आठवड्याला एक दिवस बाजूला काढा.

पाठपुराव्याचे दिवस मी वर धरलेलेच नाहीत. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) पाठवलेलं पोरगं पोचलंच नाही, कारण बापाचा रोज बुडतो. तो फोन कुणी करायचा हे ठरवल्याशिवाय चौथं पथकही कमीच पडेल. आणि हो, ३०,००० नि १२,००० हे आकडे उदाहरणाचे. तुमच्या तालुक्याचा पट आणि अंगणवाड्यांची यादी घेऊन परत मांडा; डोंगराळ चंदगडला दिवसाला ६० सुद्धा होणार नाहीत.